ट्रॅक्टरचा सातबारा

जमिनीचा तुकडा विकत घ्यायचा म्हटला की परभणी जिल्ह्यातला शेतकरी आधी सातबारा मागतो. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा दिसला, तर बोलणी तिथेच अडतात. बोजा कोण उतरवणार, खरेदीखताच्या आधी की नंतर, बेबाकी कधी मिळणार, हे ठरल्याशिवाय कोणी इसाराचा रुपया पुढे करत नाही. मग ती जमीन जिंतूरकडची वीस गुंठे मुरमाड का असेना. तोच शेतकरी जुना ट्रॅक्टर घ्यायला निघाला की वेगळा वागतो. इंजिन सुरू करून धुराचा रंग पाहतो, टायर पाहतो, लिफ्ट वजन उचलते का ते पाहतो, मीटरवरचे तास वाचतो, सोबत ओळखीचा मिस्तरी नेतो. कागदाच्या बाबतीत मात्र आरसी बुकावरचे नाव विकणाऱ्याच्या नावाशी जुळले की त्याचे समाधान होते. 'हप्ते कधीच फिटले' एवढ्या शब्दावर तो बाँडवर नोटरी करतो आणि ट्रॅक्टर घरी आणतो. मोजलेली रक्कम अनेकदा त्या वीस गुंठ्यांच्या किमतीएवढीच असते.

या फरकाला शेतकऱ्याचा गाफीलपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. जमिनीच्या बाबतीत राज्याने पिढ्यानपिढ्या खपून एक कागद घडवला. तो गावातल्या कोणालाही मागता येतो, त्यावर मालक आणि बोजा एकाच ठिकाणी दिसतात, आणि आता तो मोबाइलवरही वाचता येतो. माणसाची सवय त्या कागदामागोमाग घडली. चालत्या मालाच्या बाबतीत असा एकच, भरवशाचा, राज्याच्या सीमेपलीकडेही खरा ठरणारा कागद नाही. जे आहे ते वेगवेगळ्या दफ्तरांत विखुरलेले आहे, आणि प्रत्येक दफ्तराला आपल्यापुरतेच दिसते. तरीही बोजा लपला तर त्याची शिक्षा सरसकट खरेदीदाराला होते, हा खरा अन्याय आहे. माझे म्हणणे असे की बोजा सर्वांना दिसेल अशा जागी नोंदवण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्याची असावी, आणि त्याने ती पार पाडली नसेल, तर प्रामाणिकपणे पूर्ण किंमत मोजलेल्या माणसाच्या दारातून ट्रॅक्टर ओढून नेण्याचा हक्क त्याला राहू नये.

परभणी जिल्ह्याची हद्द कुठल्याही परराज्याला भिडत नाही. जालना, हिंगोली, नांदेड, लातूर आणि बीड अशा जिल्ह्यांनी तो वेढलेला आहे. तरीही परराज्याचा प्रश्न इथे दूरचा नाही. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. सोयरिकी, बाजार आणि रेल्वेचे रूळ त्या दिशेने आधीपासून गेलेले आहेत. कल्याण–निर्मल महामार्ग पाथरी, मानवत, परभणी करत नांदेडला जातो आणि भोकरच्या पुढे तेलंगणात उतरतो. लातूर ओलांडले की बिदर. जुना माल जिथे दहा-वीस हजारांनी स्वस्त मिळतो तिथे माणूस जातो, त्यात गैर काही नाही. एमएच-२२ च्या पट्ट्यात टीएस-१६ किंवा केए-३८ अशी पाटी असलेले वाहन दिसले तर कोणी वळून पाहत नाही. पण वाहन सीमा ओलांडते तेव्हा त्याच्यावरचे कर्जही सोबत येते, आणि त्या कर्जाची नोंद बहुतेक वेळा मागेच राहते.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू, कारण कायद्यात काहीच नाही असा समज निराधार आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५१ केवळ कर्जाऊ वाहनांसाठी आहे. वाहन भाडेखरेदीवर, भाडेपट्ट्यावर किंवा तारणगहाण ठेवून घेतले असेल तर आरटीओने तशी नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर करायची. तिचा अर्ज नमुना ३४ वर होतो. कर्ज फिटले की मालक आणि वित्तसंस्था दोघांच्या सहीने नमुना ३५ द्यायचा, मग नोंद निघते. यालाच आपल्याकडे एचपी चढवणे आणि एचपी उतरवणे म्हणतात. नोंद असेपर्यंत वित्तसंस्थेच्या लेखी संमतीशिवाय मालकीबदल करता येत नाही. वाहन दुसऱ्या राज्यात न्यायचे असेल तर कलम ४८ खालची एनओसी लागते, तिचा अर्ज नमुना २८ वर. आणि त्याआधी मालकाने वित्तसंस्थेचे ना हरकत पत्र घेतले पाहिजे. एनओसी देण्यापूर्वी आरटीओने पोलिसांकडून चोरीचा अहवाल मागवायचा असतो आणि कर थकलेला नाही याची खात्री करायची असते. कागदावर ही साखळी चांगली आहे. ती पूर्ण पाळली गेली तर बोजा असलेला ट्रॅक्टर निजामाबादहून निघून परभणीच्या आरटीओत नव्या नावाने नोंदला जाणे कठीण आहे.

पण ही साखळी नोंदणीच्या वेळी अडवते, पैसे मोजण्याच्या वेळी नाही. व्यवहार कसा होतो ते बघा. पैसे आज मोजले जातात, ट्रॅक्टर आज रात्री निघतो, 'टीटी नंतर करून देतो' असा शब्द मिळतो. टीटी म्हणजे मालकीबदल; त्याचे सही केलेले नमुना २९ आणि ३० कोरेच हातात पडतात. दोन-चार महिन्यांनी खरेदीदार कागद घेऊन आरटीओत जातो तेव्हा कळते की एचपी उतरलेलीच नाही, किंवा एनओसीसाठी मूळ कार्यालय वित्तसंस्थेचे पत्र मागते आहे. तोवर विकणारा फोन उचलत नाही. कायद्याचे फाटक मजबूत आहे, पण ते शेत लुटून झाल्यावर लागते.

दुसरी अडचण नोंदवहीचीच. केंद्राच्या 'वाहन' व्यवस्थेवर गाडीचा क्रमांक टाकून ती कर्जाऊ आहे का, कर कधीपर्यंत भरला आहे, काळ्या यादीत आहे का, हे आता पाहता येते. ही मोठी सोय आहे, तिचे श्रेय दिलेच पाहिजे. पण आपल्या भागासाठी जे राज्य सर्वांत जवळचे, त्या तेलंगणाच्या नोंदी अनेक वर्षे या केंद्रीय व्यवस्थेबाहेर राहिल्या. देशभरातल्या वाहनविक्रीचे आकडे जाहीर करताना वितरकांची संघटना 'तेलंगणा वगळून' अशी टीप वर्षानुवर्षे देत आली, ती याच कारणाने. म्हणजे परभणीच्या माणसाने पुण्याची गाडी तपासली तर उत्तर मिळायचे आणि निर्मलची तपासली तर मिळायचे नाही. त्या काळात नोंदलेली वाहनेच आज जुन्या बाजारात विकायला येत आहेत. शिवाय हातातले कार्ड हे छापल्या दिवशीचे सत्य सांगते. कार्ड छापल्यानंतर त्याच ट्रॅक्टरवर दुसरे कर्ज घेतले आणि नोंद करायची राहिली, तर कार्ड निर्मळ दिसते आणि करारात ट्रॅक्टर गहाण असतो. नमुना ३५ वर खोटी सही करून एचपी उतरवण्याचे प्रकारही होतात. अशा वेळी बोजा कागदावरून गेलेला असतो, पण कर्ज उभेच असते.

ट्रॉलीची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची आहे, आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही म्हणून थोडे थांबून सांगायला हवे. परदेशात ट्रकच्या हौद्यात चढवायची आणि हवी तेव्हा उतरवून ठेवायची राहण्याची खोली मिळते, तिला ट्रक कॅम्पर म्हणतात. तिकडे जुना कॅम्पर घेणाऱ्याला शहाणी माणसे बजावतात की ट्रकवर कर्ज नाही म्हणून खोलीवर नाही असे समजू नका. दोन्हींची खरेदी वेगळी, कर्जे वेगळी, तपासही वेगळा. आपल्याकडे हेच नाते ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचे आहे. कायद्याने ट्रॉली हे वेगळे वाहन आहे, तिची नोंदणी वेगळी, क्रमांक वेगळा. ऊस वाहतुकीसाठी एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जुंपल्या जातात; त्या स्थानिक वर्कशॉपमध्ये बनलेल्या असतात आणि पुष्कळशा कधी नोंदल्याच जात नाहीत. व्यवहारात मात्र 'ट्रॅक्टर विथ ट्रॉली' असा एकच आकडा ठरतो. रोटाव्हेटर, थ्रेशर, पेरणीयंत्र, पलटी नांगर यांची तर नोंदणी नसतेच. त्यांच्या पत्र्यावर कंपनीने ठोकलेला अनुक्रमांक असतो, पण तो टाकून बोजा शोधता येईल अशी जागा सामान्य माणसाला माहीत नाही. काही अवजारे सरकारी अनुदानावर घेतलेली असतात आणि ठरावीक मुदतीच्या आत ती विकायची नाहीत अशी अट असते. घेणाऱ्याला ती अट कुठून कळणार?

त्यात सहकाराचा बोजा वेगळाच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४७ नुसार संस्थेने दिलेल्या कर्जातून घेतलेली जनावरे, अवजारे, यंत्रे यांवर संस्थेचा अग्रहक्क राहतो, आणि संस्थेच्या पूर्वपरवानगीशिवाय ती हस्तांतरित करता येत नाहीत. गावातल्या विविध कार्यकारी सोसायटीच्या दफ्तरात हे सारे लिहिलेले असते. त्याच गावातला माणूस बैलजोडी किंवा पेरणीयंत्र विकत घेत होता तेव्हा एवढे पुरेसे होते, कारण कोणाच्या दारात सोसायटीच्या कर्जाचे काय उभे आहे हे गावाला ठाऊक असे. सोनपेठच्या सोसायटीचे दफ्तर बिदरच्या खरेदीदाराला दिसत नाही, आणि तिकडचे आपल्याला दिसत नाही. कायदा गावाच्या ओळखीवर उभा राहिला, बाजार तिथून केव्हाच पुढे गेला.

बोजा लपलेला निघाला तर काय होते? मालविक्री अधिनियम, १९३० चे कलम २७ सांगते की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून चांगला हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये अशी गर्भित हमी आहे की माल कोणा तिसऱ्याच्या न सांगितलेल्या बोजापासून मुक्त आहे. म्हणजे खरेदीदाराला विकणाऱ्यावर दावा करता येतो. पण दावा त्या विकणाऱ्यावर करायचा जो पैसे घेऊन दुसऱ्या राज्यात आहे, आणि ज्याच्याकडे हप्ते भरायलाच पैसे नव्हते. फौजदारी तक्रार केली तर फसवणुकीचा गुन्हा नोंदेल, ट्रॅक्टर परत येणार नाही. भाडेखरेदीच्या करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत वित्तसंस्थाच मालक असते, असे सर्वोच्च न्यायालयाने मॅग्मा फिनकॉर्प विरुद्ध राजेशकुमार तिवारी या २०२० च्या निकालात पुन्हा स्पष्ट केले. तिथे तर स्वतः कर्जदार न्यायालयात उभा होता, त्याच्याकडून घेणाऱ्याची जागा त्याच्याही खाली. वसुलीसाठी गुंड पाठवू नयेत, असे हेच न्यायालय २००७ मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात बजावून चुकले आहे. त्या निकालाने वसुलीच्या रीतीला लगाम बसला; ट्रॅक्टर कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर बदलले नाही.

अर्धवट कागदांचा फटका विकणाऱ्यालाही बसतो, हे इथेच सांगितले पाहिजे, कारण 'मला काय, मी पैसे घेऊन मोकळा झालो' असे समजणारे पुष्कळ आहेत. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक. वाहन दोन-तीन हातांनी पुढे गेले असले तरी आरटीओच्या वहीत नाव ज्याचे, नोटीस त्याला. कोऱ्या नमुना २९ वर सही करून देणारा माणूस आपले नाव अनोळखी रस्त्यांवर फिरायला सोडत असतो.

आता जे म्हणतात की विकत घेणाऱ्यानेच डोळे उघडे ठेवावेत, तपास न करणाऱ्याला कायद्याने का सांभाळावे, त्यांच्या म्हणण्याचा विचार करू. या म्हणण्यात तथ्य आहे. आरसीवर एचपी स्पष्ट छापलेली असताना जो डोळेझाक करतो, त्याला कोणत्याही कायद्याने वाचवू नये. पण तपास करणाऱ्याला तपासाचे फळ मिळाले पाहिजे, हा या नियमाचा दुसरा अर्धा भाग आहे आणि आपल्याकडे तोच गायब आहे. ऑस्ट्रेलियात पूर्वी राज्याराज्यांच्या वेगळ्या नोंदवह्या होत्या. ३० जानेवारी २०१२ पासून तिथे चल मालावरच्या बोजांची एकच राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, आणि वाहनाचा अनुक्रमांक टाकून केलेल्या शोधात बोजा दिसला नाही तर खरेदीदाराला माल बोजामुक्त मिळतो असा नियम झाला. ब्रिटनने तर १९६४ च्या भाडेखरेदी कायद्यातच तरतूद केली की बोजाची माहिती नसताना प्रामाणिकपणे गाडी घेणाऱ्या खासगी खरेदीदाराला चांगला हक्क मिळावा. विक्रेत्याने फसवले तर झळ वित्तसंस्थेने सोसावी. भारतानेही १९७२ मध्ये भाडेखरेदीचा कायदा केला. तो अमलात येण्याची तारीख कधी उजाडली नाही आणि २००५ मध्ये तो रद्द झाला. तेहतीस वर्षे एक कायदा पुस्तकात पडून राहिला, आणि त्याच काळात ट्रॅक्टर बैलाची जागा घेत होता.

दुसरा आक्षेप वित्तसंस्थांचा, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. त्यांचे म्हणणे असे की वाहनावरचा हक्क ढिला झाला तर कर्ज महाग होईल आणि त्याचा तोटा गरीब शेतकऱ्यालाच होईल; ज्याच्याकडे तारणाला जमीन नाही त्याला ट्रॅक्टरच मिळणार नाही. पण मी हक्क काढून घ्या म्हणत नाही, हक्क उघड करा म्हणतो. कर्ज देताना एक नोंद करायला वित्तसंस्थेला काही मिनिटे लागतात. तिच्याकडे वकील आहेत, संगणक आहेत, शाखा आहेत. पालमच्या शेतकऱ्याला तीच गोष्ट शोधायला दोन राज्यांतली चार कार्यालये फिरावी लागतात. ज्याला कमी खर्चात धोका टाळता येतो त्याच्यावर धोक्याची जबाबदारी टाकावी, हे साधे न्यायाचे गणित आहे. शिवाय बोजा चटकन दिसू लागला तर गहाण वाहन गुपचूप विकणे कर्जदाराला अवघड होईल, आणि त्यात वित्तसंस्थेचाच फायदा आहे.

बोजे एका नोंदवहीत आणायला नवा कायदा लागेल असेही नाही. थकीत कर्जांच्या वसुलीसाठीच्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली 'सेरसाई' नावाची केंद्रीय नोंदवही २०११ पासून चालू आहे. थोडी फी भरून कोणालाही तिच्यात शोध घेता येतो. २०१६ च्या दुरुस्तीने त्या कायद्यात कलम २०क आले. कंपनी कायदा, नोंदणी कायदा, जहाजांचा कायदा आणि मोटार वाहन कायदा यांखालच्या बोजाच्या नोंदी एका मध्यवर्ती संचात जोडाव्यात, असा अधिकार त्या कलमाने केंद्राला दिला आहे. मोटार वाहन कायद्याचे नाव तिथे स्पष्ट लिहिलेले आहे. त्याच दुरुस्तीतल्या आणि जानेवारी २०२० पासून अमलात आलेल्या तरतुदीनुसार सेरसाईत नोंद केल्याशिवाय ऋणकोच्या तारणावर सरफेसीखालची कारवाई करता येत नाही. तत्त्व मान्य झालेले आहे: नोंद नाही तर हत्यार नाही. फक्त ट्रॅक्टर-पिकअपची जप्ती सहसा सरफेसीच्या वाटेने होतच नाही, ती करारातल्या कलमावर होते; म्हणून तत्त्वाचा अंकुश नेमका शेतकऱ्याच्या दाराशी गळून पडतो. तो तिथवर न्यायला हवा, आणि सोबत ट्रॉली, हार्वेस्टर, थ्रेशर यांचे अनुक्रमांकही त्या वहीत आले पाहिजेत.

रिझर्व्ह बँकेने एक पाऊल टाकले आहे. १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मालमत्तेची कागदपत्रे परत करणे आणि नोंदलेला बोजा काढणे बँका व वित्तसंस्थांवर बंधनकारक आहे. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यायची आहे. बोजा चढवण्याइतकाच तो उतरवणेही वित्तसंस्थेचे काम आहे, हे यातून पक्के झाले. आता न नोंदलेल्या बोजासाठीही तिला जबाबदार धरले पाहिजे, आणि भरपाई मागण्याचा हक्क खरेदीदारापर्यंत आला पाहिजे. कोणी म्हणेल, सगळ्यांच्या कर्जाची माहिती अशी उघडी टाकली तर खासगीपणाचे काय? मालकाचे नाव, पत्ता, थकलेली रक्कम दाखवायची गरजच नाही. चेसिस क्रमांक टाकल्यावर बोजा आहे की नाही आणि कोणत्या संस्थेचा, एवढेच उत्तर पुरे. जमिनीच्या सातबाऱ्यावर याहून कितीतरी जास्त दिसते आणि त्यावर कोणी तक्रार करत नाही.

सर्वांत खरा आक्षेप हंगामाचा आहे. मृगाचा पाऊस पडला की पेरणी थांबत नाही. कारखान्याची ऊसतोड सुरू होताना ट्रॅक्टर दारात हवा, नाहीतर वाहतुकीचा करार हातचा जातो. एनओसी यायला आठवडे लागतात, कायद्यानेच आरटीओला ३० दिवस दिले आहेत. अशा वेळी कागदाची वाट पाहा असे सांगणे हे शहरात बसून दिलेले शहाणपण वाटू शकते. पण जमिनीच्या व्यवहारात आपण यावर उपाय शोधलेला आहेच. बोजा असलेली जमीन घेताना पैसे दोन ठिकाणी मोजतात: बँकेचे देणे थेट बँकेत भरून पावती घेतात आणि उरलेले खरेदीखताच्या दिवशी विकणाऱ्याला देतात. ट्रॅक्टरलाही हेच लागू करा. विकणाऱ्यासोबत त्याच्या वित्तसंस्थेच्या शाखेत जा, आजचे येणे लेखी मागा, ती रक्कम कर्जखात्यात स्वतः भरा, नमुना ३५ आणि बेबाकी तिथेच मागा. उरलेल्यातला मोठा भाग एनओसी हातात येईपर्यंत आपल्याकडे ठेवा. याला जो विकणारा तयार होत नाही, त्याच्या नकारातच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. तेवढे दिवस एकरी भाड्याने नांगरट करून घ्यावी लागली तरी तो खर्च ट्रॅक्टर गमावण्यापेक्षा फार कमी आहे.

तपासाच्या काही गोष्टी तर आजही फुकट आहेत. आरसीवरचा चेसिस क्रमांक लोखंडावरच्या क्रमांकाशी जुळवा, त्यावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या. वाहन जिथे मुळात नोंदले त्या आरटीओकडून ताज्या नोंदीचा उतारा मागा, हातातल्या कार्डावर विसंबू नका. ट्रॅक्टर बँकेच्या कर्जाचा असेल तर कर्जाला बहुधा जमीनही तारण असते, कारण तारणाशिवायच्या शेतीकर्जाची मर्यादा २०२५ पासूनही दोन लाखच आहे. म्हणून विकणारा महाराष्ट्रातला असेल तर त्याचा सातबाराही पाहा, इतर हक्कांत ट्रॅक्टरच्या कर्जाची खूण तिथे सापडू शकते. जुन्या वाहनांच्या दुकानातून घेत असाल तर दुकानदाराकडे आरटीओचे अधिकृतता प्रमाणपत्र आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनी ते आवश्यक केले आहे. ट्रॉली आणि अवजारांची किंमत बाँडवर वेगळी लिहा, त्यांचे अनुक्रमांक टाका, ती कोणत्या सोसायटीच्या किंवा अनुदानाच्या पैशातून घेतली ते विकणाऱ्याकडून लिहून घ्या. आणि व्यवहार झाल्यावर मालकीबदलाचा अर्ज ३० दिवसांच्या आत करा, कायद्याची मुदत तेवढीच आहे.

एवढे सारे खरेदीदाराने करावे असे सांगताना मला संकोच वाटतो, कारण यातले निम्मे काम त्याचे नव्हेच. सहीपुरते वाचता येणारा माणूसही परभणीत ट्रॅक्टर घेतो, आणि त्याने दोन राज्यांची दफ्तरे धुंडाळावीत ही अपेक्षा कोणत्याही न्यायी व्यवस्थेने ठेवू नये. कलम २०क पुस्तकात आले त्याला आता बराच काळ झाला. जिल्ह्यातल्या खासदार-आमदारांनी, शेतकरी संघटनांनी आणि जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या सभासदांनी या एका कलमाची अंमलबजावणी मागावी: वाहन, ट्रॉली आणि अवजार, सर्वांसाठी एक नोंदवही, सर्व राज्यांसाठी एक, आणि तिच्यात जो बोजा दिसत नाही तो खरेदीदाराला लागू नाही, असा नियम.